आबा, सेमिस्टर संपलं, हे तुमच्यासाठी

आबा, नमस्कार.

इंटर्नलचे मार्क काल पोर्टलवर चढवले एकदाचे. सर्व्हर सारखा गचकत होता, शेवटी रात्री साडेअकराला घेतले त्याने. व्हायवा झाल्या, जर्नलं तपासून झाली, एक्स्टर्नल मॅडम भडंगाचं पाकीट घेऊन कोल्हापूरला परत गेल्या, आता फक्त नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली राहिल्यात आणि त्या कायम राहणारच आहेत त्यामुळे त्यांचं काही नाही. म्हटलं आता जरा निवांत बसून तुम्हाला लिहावं. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून कट करता, म्हणून सगळ्यांना दिसेल असं लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आबा म्हणजे आकाशवाणीच्या सांगली केंद्रातून रिटायर झालेले टेक्निकलचे माणूस. केंद्र १९६३ चं, आबा तिथं लागले ते नंतर बऱ्याच वर्षांनी, पण सांगली-मिरजेतल्या माझ्या वयाच्या बहुतेकांनी सकाळी चहा पिताना १२५१ किलोहर्ट्झवर जे काही ऐकलंय त्यातल्या कशाला ना कशाला आबांचा हात लागलेला असणार. आणि मी इथल्या एका कॉलेजात मास मीडिया शिकवते, सीएचबीवर, म्हणजे तासाचे पैसे तेवढे मिळतात आणि तेही मिळतील तेव्हा.

या सेमला माझ्याकडे रेडिओ प्रॉडक्शनचा पेपर होता. मुलं टीव्हायची, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाची, जन्मापासून मोबाइल हातात, रेडिओ त्यांनी पाहिलाय तो आजोबांच्या कपाटावर नाहीतर गाडीत. तुम्हाला मी एका तासाच्या गेस्ट लेक्चरला बोलावलं होतं, "रेडिओचा इतिहास" असा विषय दिलेला, पीपीटी आणा म्हणून पण सांगितलेलं. तुम्ही आलात ते कापडी पिशवी घेऊन. पिशवीतून निघालं काय, तर एक स्पूलची टेप, टेप कापून जोडायचा पितळी पट्टीसारखा स्प्लायसिंग ब्लॉक, दाढीचं ब्लेड आणि पिवळी पेन्सिल. इतिहासाचं नाव पण काढलं नाहीत.

पाव इंच रुंदीची ती टेप तुम्ही मुलांच्या हातात दिलीत आणि म्हणालात, ही मशिनवर सेकंदाला साडेसात इंच पळते, म्हणजे तुझ्या हातात आहे तो एक सेकंद, बघ केवढा मोठा असतो. माणूस बोलताना मध्ये श्वास घेतो तो साधारण अर्ध्या सेकंदाचा, पावणेचार इंच. मुलं टेप बोटानं मोजायला लागली. मग ब्लॉकवर टेप ठेवून तिरकं ब्लेड मारून दाखवलंत, सरळ कापलं की जोडावर टक् असा आवाज येतो, तिरकं कापलं की एक आवाज दुसऱ्यात सरकतो आणि कानाला कळत नाही. हेच ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉसफेड म्हणून मी त्यांना आधी दोन बटणात शिकवलेलं, सगळ्यांना जमलंही होतं, पण का करायचं ते त्या दिवशी कळलं त्यांना. खरं सांगू, मलाही तेव्हाच नीट कळलं.

एका तासाचं बोलणं होतं आणि तुम्ही दर गुरुवारी यायला लागलात. कुणी बोलावलं पण नव्हतं हो, पण आलात. रेकॉर्डिंग चालू करायच्या आधी पंखा बंद, ट्यूब बंद ("ती चोक गाती बघ, ऐकायला येतंय का?"), आणि मग एक मिनिट कुणीही काही बोलायचं नाही, नुसतं हेडफोन लावून बसायचं. एप्रिलमध्ये सांगलीत बंद पंख्याखाली एक मिनिट बसणं म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यालाच ठाऊक. पोरं घामानं निथळतायत, मागच्या बाकावरचा एक हसू दाबतोय, आणि तुम्ही मनगटावरच्या घड्याळात बघत उभे. "नुसतं बटन दाबू नगासा, आधी ऐकतायसा का न्हाई?" हे तुमचं वाक्य आता वर्गाच्या ग्रुपचं नाव झालंय, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

पण मला खरं लिहायचंय ते जतच्या त्या मुलीबद्दल. फायनल प्रोजेक्टला तिनं आपल्या आजीला बोलतं केलं होतं, १९७२ च्या दुष्काळावर. आजी खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची, अमेरिकेचा तो लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, खायचे, हे सगळं आजी अगदी सरळ सांगत होती जसं काही बाजारहाटाबद्दल बोलतेय. मध्ये नातीनं विचारलं, मग तुझं धाकटं पोर कुठं होतं तेव्हा. आजी गप्प झाली. मग पुढं दुसरंच काहीतरी बोलली. पोरीनं घरी बसून ते छान एडिट केलं, गप्प बसलेला भाग काढून टाकला, प्रश्न पण काढला, सगळं कसं सुरळीत झालं, आणि मी सुद्धा ऐकून चांगलंय म्हणाले असते.

तुम्ही तिला म्हणालात मूळ फाइल लाव. लावली. ती गप्प जागा आली. तुम्ही विचारलंत किती सेकंद आहे, ती म्हणाली चार. तुम्ही पिशवीतून टेप काढलीत, टेबलाच्या कडेला लावून तीस इंच मोजलीत आणि तिच्यासमोर धरलीत. "अडीच फूट आजी कापलीस की गं तू."

वर्गात कुणी काही बोललं नाही. मग तुम्ही तिला ते चार सेकंद परत परत ऐकायला लावलेत, आवाज वाढवून. त्यात आजीच्या बांगड्या होत्या, लांब कुठंतरी शेळी ओरडत होती आणि एक श्वास होता, आत घेतलेला आणि सोडताना अडकलेला. पोरगी हेडफोन काढून बाहेर गेली. परत आल्यावर तिनं ते चार सेकंद होते तसे घातले, प्रश्नासकट. एक्स्टर्नल मॅडमनी त्या जागेवर पेन खाली ठेवला, मी समोरच बसले होते, बघितलं मी. नंतर आजीला व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर आजीची तक्रार आली की माझ्यापेक्षा शेळीच जास्त बोलतीया. पण पूर्ण ऐकलं म्हणे, आणि शेजारणीला पण ऐकवलं.

बाकीच्यांचंही चांगलं झालं. एक ग्रुप हरिपूरला गेला होता, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची हळदीची पेवं रेकॉर्ड करायला. जमिनीच्या पोटात हळद साठवायची, वरून तोंड बंद करायचं आणि उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची, हे त्यांना तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली ते पण सांगितलं. दुसऱ्या ग्रुपनं गावभागात २०१९ च्या पुरावर केलं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलेलं, हे आकडे सांगलीत पोराटोरांना पण पाठ आहेत, पण लाईट नसताना सेलवरच्या रेडिओवर कोयनेचा विसर्ग किती क्युसेक ते ऐकत बसलेल्या एका काकूंचं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. मार्केट यार्डातल्या सौद्यांचं एक होतं, ते जरा गोंगाटी झालंय, ते तुम्हालाही आवडलं नव्हतं, असो.

आणि हो, मुलांनी तुम्हाला शिकवलं ते पण लिहिते, नाहीतर म्हणाल एकतर्फी झालं. टेपवर मीटरची सुई थोडी लालमध्ये गेली तर आवाजाला उलट जरा ऊब येते असं तुम्ही म्हणायचात, आणि डिजिटल रेकॉर्डर हातात घेतल्यावर पण तसंच करायला गेलात. तेव्हा मिरजेचा तो पोरगा म्हणाला आबा इथं शून्याला भिंत आहे, त्याच्या वर गेलं की फाटलं, परत येत नाही, मायनस बारा डेसिबलपर्यंत ठेवा. तुम्ही वही काढून लिहून घेतलंत. मी बघत होते. ज्या माणसानं अख्खी नोकरी आवाजात काढली तो एकवीस वर्षाच्या पोराचं ऐकून वहीत उतरवून घेतोय. हे मी कुठल्या युनिटमध्ये शिकवू सांगा.

मानधनाचं राहिलंच. ऑफिसनं तुमच्याकडून पॅन कार्ड, आधार, पासबुकची झेरॉक्स, कॅन्सल चेक आणि रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही मागितली आणि ती सुद्धा फक्त पहिल्या तासासाठी, कारण मंजुरी तेवढ्याचीच होती. तुम्ही म्हणालात एवढे कागद द्यायचे तर मी परत नोकरीलाच लागतो. मला त्या दिवशी लाज वाटली, अजून वाटते. पेट्रोल तुमचं, वेळ तुमचा, वर येताना मुलांना पेरू पण तुम्हीच आणायचात. एक सर्टिफिकेट दिलंय आम्ही, लॅमिनेट करून, त्यात तुमचं नाव बरोबर छापलंय हे मी दोनदा तपासलं, बाकी त्या कागदाला काय अर्थ आहे ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही.

त्यामुळे हे पत्र. मला वर्षाला दोन सेमिस्टर शिकवायची सवय झालीय, सिलॅबस पूर्ण करायचा, अटेंडन्स भरायचा, प्रश्नपत्रिकेत अजेंडा सेटिंगवर दहा मार्काचा प्रश्न टाकायचा आणि पुढच्या नेमणुकीच्या ऑर्डरची वाट बघायची. या वेळी पहिल्यांदा असं झालं की गुरुवार आला की मी स्वतः लवकर निघायचे घरातून. मागच्या बाकावर बसून मी पण शिकत होते आबा, तुमच्या लक्षात आलं असेलच, तुम्ही काही बोलला नाहीत. मनापासून आभार. मुलांकडूनही, ती लाजतायत म्हणून मी लिहितेय.

आता पुढचं ऐका. ऑर्डर आली तर पुढच्या सेमला माझ्याकडे व्हिडिओ प्रॉडक्शन आहे. तुम्ही म्हणणार मला चित्रातलं काही कळत नाही. व्हिडिओला पण आवाज असतोच की ओ, आणि आमची पोरं तोच सगळ्यात वाईट घेतात. टाइमटेबल माझ्याच हातात आहे, तुमचे तास सकाळचेच टाकते, दुपारी पंखा बंद ठेवून कुणी बसायचं नाही.