रुग्णनिधीसाठी आवाहन : दुसरं पेट स्कॅन अडता कामा नये

पेठेतल्या सर्व बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

सोमवारी आपल्याच गल्लीतल्या एका ताईंचं पेट स्कॅन ठरलं आहे आणि रुग्णनिधीच्या खात्यात तेवढी शिल्लक नाही, म्हणून हे पत्रक घाईने काढतो आहे.

आपली तालीम काय आहे हे पेठेला वेगळं सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली तेव्हा आपली पोरं चिखली-आंबेवाडीच्या माणसांसाठी रात्रंदिवस पाण्यात होती. आखाड्यात अंथरुणं पडली, घराघरांतून भाकरीच्या चळती आल्या. 2021 च्या पुरातही तेच. त्याच एकीतून रुग्णनिधी उभा राहिला. पहिली मोठी रक्कम दिली ती गुजरीतल्या आपल्या शेठजींनी, ‘फलकावर नाव लावायचं नाही’ या अटीवर. ती अट आजही पाळतो. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी पहिली पेन्शन जशीच्या तशी आणून दिली. मार्केट यार्डातल्या हमाल बांधवांनी गुळाच्या हंगामात मजुरीतून पैसे बाजूला काढले. चप्पल लाइनमधल्या दुकानदारांनी गल्ल्याशेजारी आमचा डबा ठेवला. आणि आपल्या फुटबॉल संघाने बक्षिसाची रक्कम मैदानावरूनच निधीत जमा केली. या सगळ्यांचे उपकार फिटणारे नाहीत.

‘पेट स्कॅन म्हणजे काय, आणि एकदा केलं तर परत कशाला?’ असं दारोदारी विचारलं जातं. सीटी स्कॅनमध्ये गाठ केवढी आहे ते दिसतं. ती गाठ किती जिवंत आहे ते पेटमध्ये कळतं. कॅन्सरच्या बहुतेक पेशी साखर अधाशासारखी ओढतात. म्हणून ग्लुकोजसारख्या पदार्थाला किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडून तो शिरेतून देतात, तासभर रुग्णाला शांत पडायला सांगतात आणि मग तो कुठे जमला ते यंत्रात बघतात. टीबीची किंवा जंतुसंसर्गाची गाठही त्यात उजळते, त्यामुळे नुसत्या पेटवर कॅन्सर ठरत नाही, गाठीचा तुकडा तपासावाच लागतो. पण आजार कुठवर पसरलाय आणि केमो लागू पडतेय का, हे सांगायला लिम्फोमासारख्या (लसीकाग्रंथींच्या कॅन्सरसारख्या) आजारात याच्याइतकी चांगली तपासणी नाही.

आपल्या संघात डाव्या बगलेला खेळणारा पोरगा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला हॉजकिन लिम्फोमा निघाला. पहिलं स्कॅन घरच्यांनी दागिने मोडून केलं. दोन केमोनंतर डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, ‘गाठ उतरलीय की, आता कशाला?’ ते दुसरं स्कॅन निधीतून झालं. रिपोर्ट चांगला आला, म्हणून पुढच्या केमोतून ब्लिओमायसिन हे औषध वगळता आलं. हे औषध फुफ्फुसांना बाधू शकतं. पळणाऱ्या पोराची फुफ्फुसं वाचणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पहिल्या स्कॅनला नातेवाईक धावून येतात. दुसऱ्याच्या वेळी घर रिकामं झालेलं असतं. आपला निधी या दुसऱ्या स्कॅनसाठी आहे.

एक गोष्ट मनात सलते, ती लिहितोच. मिरवणुकीच्या वर्गणीला पेठ कधी मागे सरली नाही, पण गेल्या वर्षी याच निधीचं पत्रक दोन महिने फलकावर राहिलं आणि त्याला उत्तर बोटांवर मोजण्याइतक्या घरांतून आलं. ज्यांच्या घरी आपण रात्री-अपरात्री धावलो, त्यांतल्या काहींनी कार्यकर्त्यांना दारातूनच परत पाठवलं. राग नाही, वाईट मात्र वाटलं.

पैशाइतकीच गाडीची गरज आहे. फ्लोरिन-18 साधारण 110 मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे औषध ठरल्या वेळेच्या हिशोबानेच मागवतात. एका काकांना एसटी चुकल्याने उशीर झाला, त्यात उपाशीपोटी जायचं असताना वाटेत चहा-बिस्किट झालं, तपासणी रद्द झाली. म्हणून पहाटे गाडी घेऊन येणारे आणि रुग्णासोबत थांबणारे कार्यकर्ते हवेत. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी मात्र सोबत येऊ नये; इंजेक्शननंतर काही तास रुग्णाने त्यांच्यापासून लांब राहायचं असतं.

देणगी तालमीच्या कार्यालयात रोज संध्याकाळी 7 ते 9, रोख किंवा तालमीच्या नावे चेक (मागे ‘रुग्णनिधी’ लिहावे), पावती घ्यावीच. गाडी देणाऱ्यांनी वार व वेळ वहीत नोंदवावी. रुग्णांनी डॉक्टरांची चिठ्ठी, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट आणावेत. शासकीय योजनेत बसणारा खर्च आधी तिथूनच करून घेऊ. मधुमेह असल्यास अगोदर सांगावे. ताईंसाठीची रक्कम शनिवार रात्रीपर्यंत लागेल.

आपला,
सचिव, रुग्णनिधी समिती