बेरियमच्या तपासणीनंतरचे अपेंडिसायटिस वेळीच ओळखणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

बाबांचे टाके निघाले, जखम कोरडी आहे आणि ते पूर्वीसारखे जेवू लागले आहेत, हे आपल्याला फोनवर कळवले होतेच. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण आपण जे ओळखले ते किती सहज नजरेतून सुटले असते, हे इतरांनाही कळावे असे मला मनापासून वाटते.

घास छातीत अडकल्यासारखा वाटतो म्हणून बाबांची बेरियमची तपासणी झाली होती. खडू कालवल्यासारखे ते दाट पांढरे औषध त्यांनी पेलाभर प्यायले, एक्स-रे निघाले, अन्ननलिकेत काळजीचे काही नाही असे कळले आणि दोन-तीन दिवस पांढरट शौचास होऊन तो विषय आमच्यापुरता संपला. त्यामुळे साधारण महिन्याभराने बेंबीभोवती दुखू लागले तेव्हा त्या तपासणीचा उल्लेख करण्याचे कोणाच्याही मनात आले नाही. नौपाड्यातील आपल्या दवाखान्यात आम्ही पोहोचलो तोवर दुखणे पोटाच्या उजव्या बाजूला खाली सरकले होते. आपण तेथे हळूहळू दाब देऊन हात एकदम उचललात आणि बाबा कळवळले. अपेंडिक्सची शंका कोणाही जाणत्या डॉक्टरांना आली असती, पण आपण तेवढ्यावर न थांबता विचारलेत, "काका, अलीकडे पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला होता का?"

त्या प्रश्नासाठी आमचे कुटुंब आपले ऋणी आहे.

पोटाचा साधा एक्स-रे आपण खिडकीच्या उजेडात धरलात आणि खाली उजवीकडे, हाडांहूनही पांढरी दिसणारी एक वाकडी रेघ बोटाने दाखवलीत. बेरियम सल्फेट पाण्यात विरघळत नाही आणि आतड्यातून रक्तात शोषले जात नाही, म्हणूनच ते तपासणीसाठी वापरता येते, हे आपण प्रिस्क्रिप्शनच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढून समजावलेत. अपेंडिक्स ही एका टोकाला बंद असलेली अरुंद नळी. तिच्यात शिरलेले बेरियम बहुधा काही दिवसांत आपोआप बाहेर पडते, काहींच्या बाबतीत ते कित्येक आठवडे राहूनही त्रास देत नाही. क्वचित मात्र त्यातील पाणी शोषले जाऊन त्याचा कडक खडा बनतो, नळीचे तोंड बंद होते, आत स्राव साचून दाब वाढतो, जंतू वाढतात आणि सूज येते. अशा रुग्णाची नोंद १९५४ सालीच वैद्यकीय नियतकालिकात झाली होती आणि तपासणीनंतर काही तासांपासून काही वर्षांपर्यंत केव्हाही हे घडल्याची उदाहरणे आहेत, हेही आपण सांगितलेत. बाबांच्या वयात अपेंडिक्सचे दुखणे उशिरा ओळखले जाण्याची भीती अधिक असते, ही त्यातली मला सर्वाधिक हादरवणारी गोष्ट होती.

नुसते बेरियम दिसले म्हणजे आजार ठरत नाही, या आपल्या सावधपणाचाही येथे मुद्दाम उल्लेख करते. दाट बेरियममुळे सीटी स्कॅनच्या चित्रात चकाकणाऱ्या रेषा उमटून आजूबाजूचे नीट दिसत नाही, म्हणून आपण आधी सोनोग्राफी करायला सांगितलीत. तीत अपेंडिक्स सहा मिलिमीटरहून जाड आणि दाबूनही न दबणारे निघाले. नितीन कंपनीच्या सिग्नलला आमची रिक्षा गर्दीत अडकली होती तेव्हा आपण शल्यविशारदांना स्वतः फोन करून आत बेरियम असल्याचे कळवत होता. अपेंडिक्स फुटून बेरियम आणि मळ पोटाच्या पोकळीत सांडला तर होणारी सूज फार गंभीर ठरते, हे ठाऊक असल्याने त्यांनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना ते न फुटता पिशवीत घालून अलगद बाहेर काढले.

शस्त्रक्रियेनंतर आई त्या तपासणीला आणि ती करणाऱ्यांना दोष देऊ लागली, तेव्हा आपण तिला शांतपणे समजावलेत की तपासणी गरजेची होती, ती योग्य रीतीनेच झाली आणि असा त्रास अत्यंत दुर्मीळ आहे. पुढे कधी बेरियम घ्यावे लागले तर नंतर भरपूर पाणी प्यावे, बद्धकोष्ठता होऊ देऊ नये आणि पोट दुखल्यास तपासणीची तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगावी, एवढे आपण तिच्याकडून वदवून घेतलेत. आमच्यावर आलेल्या संकटात दुसऱ्या कोणाविषयी कटुता राहू नये याचीही आपण काळजी घेतलीत, मॅडम, आणि त्याबद्दल मी आपली विशेष आभारी आहे.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट कालच हाती आला. अपेंडिक्सला तीव्र सूज होती, आतील पोकळीत पांढरा पदार्थ घट्ट बसला होता आणि भिंतीला कोठेही छिद्र पडलेले नव्हते, असे त्यात नोंदवले आहे. आपल्या सांगण्याप्रमाणे त्याची प्रत आणि पहिला एक्स-रे बाबांच्या फाइलसाठी सोबत पाठवत आहे.

आपली कृतज्ञ,
नौपाड्यातील आपल्या पेशंटची मुलगी