अण्णांच्या दुखण्यावर इलाज केलात, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

अण्णांना, माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष होत आलं. तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. ते चारचौघांसमोर मानतेय, कारण कॅन्सरचं दुखणं इंजेक्शनने कमी करणारा असा काही इलाज असतो हे आमच्या कोरेगाव भागातल्या कितीतरी घरांना ठाऊकच नाही.

स्वादुपिंडाचा कॅन्सर किती दुखतो, हे घरात पाहिल्याशिवाय कळत नाही. बेंबीच्या वरून कळ निघायची ती आरपार पाठीत जायची. अण्णांना आडवं होता यायचं नाही. पोटाशी उशी धरून, पुढे वाकून रात्र रात्र कॉटवर बसून असायचे. खाल्लं की दुखणं वाढतं म्हणून जेवणही सोडलेलं. आधी जिथे दाखवत होतो तिथे 'कॅन्सर म्हटल्यावर दुखणारच' एवढंच ऐकायला मिळालं. ते वाक्य आईच्या मनातून अजून जात नाही.

मॉर्फीनला, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामक औषधाला, मात्र मी नावं ठेवणार नाही. त्या गोळ्यांनीच ते दिवस निभावले. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यामुळे दवाखाने मॉर्फीन ठेवायलाच घाबरायचे. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्याची कटकट कमी झाली, तरी आमच्या तालुक्यात त्या गोळ्या मिळाल्या नाहीत, पुण्याहून आणाव्या लागायच्या. पण डोस वाढत गेला तसे अण्णा गुंगीत राहू लागले, पोट साफ होईना, आणि समोर बसलेल्या माणसाशी दोन शब्द बोलणंही जड झालं.

अशा अवस्थेत त्यांना तुमच्याकडे आणलं. फाईल उघडण्याआधी तुम्ही विचारलंत, "काका, झोप लागते का?" मग कागदावर चित्र काढून समजावलंत. जठराच्या मागे, महाधमनीच्या पुढच्या बाजूला ज्ञानतंतूंचं एक जाळं असतं. स्वादुपिंडाचं दुखणं त्याच वाटेने मेंदूपर्यंत जातं. पाठीतून लांब सुई घालून तिथे आधी बधिर करणारं औषध आणि मग अल्कोहोल सोडलं की ते तंतू निकामी होतात. त्याला सिलियाक प्लेक्सस ब्लॉक म्हणतात.

याहून मोठे आभार पुढच्या बोलण्याचे. याने कॅन्सर हटणार नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. दुखणं बहुतेक कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही, आणि काही महिन्यांनी परतही येऊ शकतं. बीपी उतरेल, जुलाब होतील. क्वचित एखाद्याच्या पायांतली ताकद जाते, हेही लपवलं नाहीत. अण्णा स्वतः सगळं ऐकत होते. "दुखायचं थांबू दे, बाकीचं मी बघतो," म्हणाले आणि सही केली.

त्यांना पालथं झोपवून, सी-आर्म या एक्स-रे मशीनच्या पडद्यावर बघत, आधी एक्स-रेत दिसणारा डाय सोडून सुई नेमकी कुठे आहे याची खात्री करत तुम्ही काम केलंत. अल्कोहोल आत गेलं तेव्हा पोटात आग झाल्यासारखं वाटलं, पण सिस्टरने हात सोडला नाही, असं अण्णांनी नंतर सांगितलं. त्या सिस्टरना आमचा नमस्कार कळवा. बीपी उतरलं, सलाईन लावलं, एक-दोन दिवस जुलाब झाले. सगळं तुम्ही सांगितलं तसंच. आणि अण्णा उताणे झोपले. आई त्यांच्याकडे बघतच राहिली.

गोळ्यांचा डोस निम्म्याच्याही खाली आला आणि आमचे अण्णा आम्हाला परत मिळाले. शेताच्या कागदपत्रांचं त्यांनी स्वतः बोलून मार्गी लावलं. धाकट्या चुलत्यांशी कित्येक वर्षांचा अबोला होता, त्यांना घरी बोलावून घेतलं. घेवड्याच्या काढणीला बांधावर खुर्ची टाकून बसले आणि ओल्या शेंगा तोडणाऱ्या पोरांना दम भरला. भाकरी कुस्करून आमटी खायचे, थोडीच, पण मागून घ्यायचे.

पुढे आजार पसरला, दुखणं थोडं परतलं. तेव्हाही फोनवर मॉर्फीनचा डोस जमवून देत तुम्ही आम्हाला एकटं सोडलं नाहीत.

एक मात्र मनापासून वाटतं. हा ब्लॉक सगळे उपाय थकल्यावरच कळावा, हे बरोबर नाही. गाठ फार पसरली की औषध त्या जाळ्यात नीट पोहोचत नाही, हे तुम्हीच सांगितलं होतंत. निदानाच्या वेळीच घरच्यांना या इलाजाची माहिती मिळायला हवी. कुणी या इंजेक्शनला घाबरत असेल, तर माझा नंबर तुमच्याकडे आहे, खुशाल द्या. रात्री-अपरात्री फोन आला तरी मी बोलेन.

तुमची,
कोरेगावच्या अण्णांची मोठी मुलगी