शनिवारची तालीम : जिभेला व्यायाम

सर्व सभासदांना नमस्कार.

शनिवारी संध्याकाळी ठीक सहा वाजता एकांकिकेची तालीम आहे. त्याआधी पंधरा मिनिटं रोजच्यासारखी प्रार्थना नाही, तर जीभ वळवणारी वाक्यं म्हणायची आहेत. सगळ्यांनी. ज्यांच्या वाट्याला दोनच वाक्यं आहेत त्यांनीसुद्धा!

सुरुवात 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' यापासून. ऐकायला सोपं वाटतं. पण 'र'ला जिभेचं टोक हिरड्यांमागे लागतं आणि लगेच 'ळ'साठी ते उलटं वळवून टाळूला न्यावं लागतं. घाई झाली की 'राळे'चं 'लाळे' होतं आणि हसून हसून तालीम थांबते. थांबू दे. हसून घसा मोकळा झालेला नट घाबरत नाही.

पद्धत एवढीच : आधी अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटं. मग वेग वाढवायचा. अडखळलात की पुन्हा सावकाश. पाठ करून धडाधडा म्हणून दाखवण्यात काही अर्थ नाही. शेवटच्या रांगेतल्या आजोबांना शब्द कळला पाहिजे.

'चटईला टाचणी टोचली' आणि काका-काकू-कात्रीवालं वाक्यही तयार ठेवा. बालगटातली मुलं येणार आहेत, त्यांच्यासमोर फजिती नको (होणारच आहे म्हणा).

बोलताना अडखळणाऱ्या कुणाला आग्रह करू नये, नक्कल तर मुळीच नाही. हा खेळ आहे, उपचार नव्हे.

येताना पाण्याची बाटली आणावी. चहा मंडळाचा.