पावसाळा आमच्याकडं काढा

कळंबा, कोल्हापूर
वैशाख, रविवार दुपार

तीर्थरूप आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्हाला माझं बोलणं नीट ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्यालाच "बरं, बरं" म्हणता, हे दिवाळीपासून माझ्या लक्षात आलंय. आई मधे पडून निरोप सांगते, पण तिच्या मनाला पटेल तेवढाच. म्हणून पत्र लिहायला घेतलं. अक्षर मोठं काढलंय. जावई नाइट करून झोपलेत, चिऊ त्यांच्या पोटावर पाय टाकून झोपलीय. तासभर तरी कोणी हाक मारणार नाही.

गेल्या जूनमध्ये वास्तुशांतीला तुम्ही एकच रात्र राहिलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परत गेलात. निघताना आई म्हणाली होती, "लेकीच्या घरात जास्त दिवस राहणं बरं दिसत नाही." ते माझ्या मनातून गेलेलं नाही. त्याचं उत्तर शेवटी देते, आधी वर्ष कसं गेलं ते सांगते.

मी कंपनीत नक्की काय करते, असं बाबांनी विचारलं होतं. शिरोलीच्या फौंड्रीत मी सँड लॅबला आहे. लोखंड ओतायचे साचे वाळूचे असतात. वाळूत बेंटोनाइट नावाची माती, कोळशाची भुकटी आणि पाणी घालून मळतात. त्यात पाणी तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास ठेवावं लागतं. दर तासाला मी नमुना आणते, मशीनवर तपासते, पण त्याआधी मूठभर वाळू दाबून बघते. मुठीचा आकार धरायला हवा आणि मोडली की सरळ दोन तुकडे व्हायला हवेत, कडा ढासळता कामा नये. बाबा, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला का बघायला तुम्ही ढेकूळ मुठीत दाबून बोटानं फोडायचात ना, अगदी तसंच. पहिल्या दिवशी सुपरवायझरनी विचारलं, हे कुठं शिकलीस? मी सांगितलं, आमच्या शेतात.

जुलैत फार त्रास झाला. वाळूत ओल जास्त राहिली की 1400 अंशांचं लोखंड ओतल्याबरोबर तिची वाफ होते. ती बाहेर पडली नाही की कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या भागाच्या, आत पोकळ्या राहतात. रिजेक्शन वाढत चाललं होतं आणि सगळे लोखंडाकडं बोट दाखवत होते. नव्या वाळूच्या ढिगावरचा पत्रा गळतोय, हे मी चार वेळा सांगितलं. शेवटी एका दुपारी मीच दोन हेल्पर घेऊन ढिगावर ताडपत्री टाकली. आठवड्यात फरक दिसला. जानेवारीत लॅब माझ्या ताब्यात दिली, पगार साडेतीन हजारांनी वाढला. हे मी फोनवर सांगितलं होतं. तुम्ही "बरं, बरं" म्हणालात, त्यामुळं पोचलं का नाही ते कळलं नाही. आता पोचलं असेल.

चिऊला जून-जुलै पाळणाघरात ठेवलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. का काढलं ते सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी आणायला गेले तर पोर ओल्या कपड्यांत कोपऱ्यात झोपली होती, अंग तापलेलं. कधीपासून, ते कोणालाच सांगता येईना. त्या रात्री मी नोकरी सोडायचं ठरवलं. जावई म्हणाले, "तू सोडायची नाहीस." दुसऱ्याच दिवशी त्यांनी दूध संघात कायमची नाइट मागून घेतली. तेव्हापासून आमची भेट दारात होते. सकाळी सातला ते येतात, मी डबा भरून तयार असते, किल्ली या हातातून त्या हातात जाते आणि मी इथल्या संभाजीनगर स्टँडला कंपनीची बस धरते. चिऊची वेणी तेच घालतात. पहिल्या महिन्यात वेणी बालवाडीत पोचेपर्यंत सुटायची, आता दोन घट्ट वेण्या, रिबिनीसकट. ते चार तास सलग झोपले असा एक दिवस आठवत नाही. माणूस वाळलाय, आई, तू बघितलंस की तुझ्याही लक्षात येईल.

चिऊ अजून "मी जातो, मी जेवतो" म्हणते. बालवाडीतल्या बाई "जाते म्हण, जेवते म्हण" करतात. मी काही बोलत नाही. आई, तू तशीच बोलतेस, मीही बोलताना तशीच बोलते. शिकेल ती दोन्ही.

पावसाळ्यात तिनं एक नवीन काढलं. रोज सकाळी आम्ही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले ते बघतो. कोल्हापुरात घरोघरी हेच चालतं. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे तिनं ऐकून पाठ केलं. जावई दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं तिची उंची मांडतात, इंचांत. दिवाळीत ती 39 इंच भरली आणि घरभर ओरडत पळाली, "मी इशाऱ्याला पोचलो!" आता 43 ची वाट बघतेय.

तिला ते खेळ वाटतं. आम्हाला नाही वाटत. 2019 ला लग्नाला सहा महिने झाले होते आणि दुधाळीच्या त्या खोलीत जिना चढत येणारं पाणी मी रात्रभर बॅटरीनं बघत बसले होते, एक पायरी, दुसरी पायरी. पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. 2021 ला चिऊ पोटात असताना पुन्हा सामान वर चढवलं. म्हणूनच हप्ता जड असला तरी उंचावरचं घर घेतलं. गेल्या पावसाळ्यात पाणी इशारा ओलांडून गेलं, त्या रात्री आम्ही तिघं झोपलो. एवढ्यासाठी वीस वर्षं हप्ते भरायला माझी तयारी आहे.

आता आईचं वाक्य. आई, या घराच्या कागदावर माझं नाव आहे आणि निम्मा हप्ता माझ्या पगारातून जातो. गणपतीत सासूबाई पंधरा दिवस राहिल्या, कोणाला वेगळं वाटलं नाही. जाताना त्याच म्हणाल्या, "आता विहीणबाईंना बोलवा." त्यांनी पंधरा दिवस राहिलेलं चालतं आणि तू दोन रात्री राहिलीस तर लोक काय म्हणतील, हे मला कळत नाही. मला शिकवायला तुम्ही म्हैस विकली होती, तेव्हा ही लेक आहे, परक्याच्या घरी जाणार, असा हिशेब केला नव्हता.

आणि चिऊला सांभाळायला बोलवत नाहीये. तिचं बसलंय सगळं. बाबा गेल्या श्रावणात मागच्या पडवीत घसरून पडले, हे मला दोन महिन्यांनी शेजारच्या काकूंकडून कळलं. आजऱ्याचा पाऊस, रात्र-रात्र वीज नाही, तुझे गुडघे, त्यांचे कान. पाणी आमच्या दारात नाही आलं, तरी तुमच्या काळजीनं मी जागीच असते. शेत वाट्यानं दिलंय, लावणीला तुमची गरज नाही. चार महिने इकडं या. बाबांचे कान सीपीआर हॉस्पिटलला दाखवू, मशीन बसवायचं तर बसवू, त्याचे पैसे मी बाजूला ठेवलेत.

बाबांना पंच्याहत्तर पूर्ण झाली, एसटीला तिकीट लागणार नाही, आधार कार्ड तेवढं वरच्या खिशात ठेवा. आईला अर्धं तिकीट. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडला, उतरा, मी रजा टाकून येते. घनसाळ तांदूळ पायलीभर पुरे, पोतं उचलू नका. शिजताना वास आला की चिऊ "आज्जीचा भात" म्हणून स्वयंपाकघरात येते, म्हणून तेवढा मात्र आणा. आई, तुझा लाकडी पोळपाट आण, इथला स्टीलचा सरकतो.

तारीख तुम्ही ठरवा, फक्त मृग नक्षत्र लागायच्या आत. पत्र मिळाल्यावर आईनं मिस कॉल द्यावा. चिऊ उठली, हाक मारतेय.

तुमची,
बाळी