शेजाऱ्याच्या फ्लॅटची किंमत आणि त्याचा पॅन

महोदय,

आमच्या सोसायटीत नुकताच एक फ्लॅट विकला गेला. आठवडा उलटायच्या आत करारातली रक्कम व्हॉट्सॲप ग्रुपवर! ती कोणी फोडली यावर बराच काथ्याकूट झाला. वास्तविक फोडायची गरजच नव्हती. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की सूची क्रमांक २ (नोंदलेल्या कराराचा सारांश देणारा उतारा) कोणालाही काढता येते.

किंमत खुली असावी, याच मताचा मी आहे. रेडी रेकनर हा सरकारचा मुद्रांक शुल्कापुरता दर. व्यवहार खरोखर कितीला नोंदला गेला ते सूचीतल्या ‘मोबदला’ या रकान्यातच कळते. ‘या बिल्डिंगमध्ये याखाली भाव नाहीच,’ असे एजंट ठणकावतो, तेव्हा त्याच बिल्डिंगमधले मागच्या वर्षीचे दोन-तीन करार समोर ठेवले की साहेबांचा सूर बदलतो. (रोखीत दिलेला भाग अर्थातच कुठल्याच रकान्यात नसतो.) १९०८च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५७नेही या नोंदी कोणालाही पाहण्यास खुल्या ठेवल्या आहेत.

पण तेव्हा पाहायचे म्हणजे कचेरी गाठायची, अर्ज लिहायचा, फी भरायची आणि कारकुनाची मर्जी सांभाळत बसायचे. कोण कोणाची मिळकत चाळतोय, हे चार लोकांना दिसायचे. आता रात्री दोन वाजता, कोणालाही न सांगता हे होते. आणि उताऱ्यात नुसती किंमत नसते. सातव्या-आठव्या रकान्यात देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावे, वय, पत्ता, पार पॅनपर्यंत जागा आहे. लिव्ह अँड लायसन्सचेही तेच. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो करार नोंदवणे सक्तीचे आहे, म्हणजे एकटीने भाड्याने राहणाऱ्या मुलीने आपले नाव-पत्ता झाकायचा म्हटला तरी कसा?

ही भीती हवेतली नाही. २०१८ साली तेलंगणात नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील दस्तांवरून अंगठ्याचे ठसे उचलून बोगस सिमकार्डे चालू केल्याचे उघड झाले होते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ इथे कामाचा नाही; कायद्याने जाहीर करावी लागणारी माहिती त्याने आपल्या कक्षेबाहेरच ठेवली आहे. तेव्हा जे करायचे ते राज्य सरकारनेच.

मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, तारीख सर्वांना दिसू द्या. मालकी तपासायला नावे लागतात, तीही राहू द्यात. वय, राहता पत्ता आणि पॅन मात्र पक्षकार, कर्ज देणारी बँक आणि न्यायालय यांच्यापुरतेच ठेवा. भाडेकरूचे तर नावही खुले असण्याचे कारण दिसत नाही. शिवाय शोध घेणाऱ्याला मोबाइलवरचा ओटीपी सक्तीचा करावा आणि आपली नोंद कोणी, कधी पाहिली हे मालकाला तिथेच पाहता यावे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे