चिनूच्या फाडलेल्या पानांबद्दल

टोरांटो

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा निरोप वाचला. एका खाडाखोडीसाठी अख्खं पान फाडून चिनू पुन्हा लिहिते, त्यात रात्रीचे बारा वाजतात, आणि ९६ टक्के मिळूनही तोंड पाडून बसते. ताई, याला टापटीप म्हणू नकोस. टापटीप मुलीला काम संपल्यावर बरं वाटतं. हिला वाटत नाही.

तिने स्वतःची सगळी किंमत एकाच खुंटीला टांगली आहे. चुकलं की 'मीच वाईट', जमलं की 'पेपर सोपा होता', आणि लगेच पुढचं लक्ष्य ९८. मग कितीही मार्क मिळाले तरी आत्मविश्वास वाढणार कुठून? शाफ्रान, कूपर आणि फेअरबर्न या संशोधकांनी २००२ मध्ये परफेक्शनिझमचं, म्हणजे सगळं बिनचूकच हवं या हट्टाचं, नेमकं हेच चक्र मांडलं. या हट्टाचे प्रकार असतात, आणि 'लोकांना माझ्याकडून बिनचूकच हवं' ही समजूत त्यांतली सगळ्यांत जाचक मानतात. करन आणि हिल या दुसऱ्या संशोधकांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांवर कॉलेजविद्यार्थ्यांची माहिती तपासली, तर १९८९ ते २०१६ या काळात हीच समजूत सर्वांत जास्त, ३३ टक्क्यांनी, वाढलेली दिसली.

'तू किती हुशार आहेस' हे घोकू नका, तिलाही घोकायला लावू नका. इथल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वूड यांच्या २००९ च्या प्रयोगात, ज्यांना मुळातच स्वतःबद्दल कमी वाटत होतं त्यांना अशी वाक्यं म्हणून उलट जास्त वाईट वाटलं. मनातून लगेच 'खोटं आहे' असं उत्तर येतं ना!

त्याऐवजी हे करा. रोजच्या वहीतलं एकच काम निवडा, बोर्डाचं जर्नल मुळीच नको. आधी तिने कागदावर लिहायचं: 'एक खोडलेला शब्द तसाच ठेवला तर काय होईल?' आणि ते होईल याची खात्री किती, शंभरपैकी. मग एका रेघेने खोडून पुढे जायचं, गजर चाळीस मिनिटांचा, शेवटी एकदाच वाचायचं. वही तपासून आली की प्रत्यक्षात काय झालं ते शेजारी लिहायचं. पहिल्या वेळी ती कासावीस होईल. तेव्हा 'दाखव, बरोबर आहे' म्हणून धीर देऊ नकोस. दिलास तर पुढच्या वेळी तुझ्याशिवाय वही मिटणार नाही. बहुतेकदा प्रयोग इथेच फसतो.

भावजींनाही सांग, निकालाच्या दिवशी आधी मार्क विचारू नका. आणि तिचं पेटी वाजवणं परीक्षेसाठी बंद करू नका, तिथे तिला मार्कांशिवाय आनंद मिळतो.

जेवण-झोप बिघडली, किंवा 'जगून काय करू' असं काही बोलली, तर हे प्रयोग बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लागतो, मराठीतही बोलतात.

तुझी,
धाकटी